माप जुने, रबर नवे

वडिलोपार्जित वस्तू जपणे हा सद्गुण आहे, याविषयी आपल्याकडे सहसा दुमत आढळत नाही. आजोबांचे घड्याळ, आजीचा शिसवी पेटारा, पणजोबांची काठी या वस्तू आपण सांभाळतो आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसांविषयीची कृतज्ञताही सांभाळतो, अशी आपली भावना असते. परंतु ही निष्ठा नेमकी कशाशी, हा प्रश्न वस्तू नुसती मांडून ठेवली असेपर्यंत उद्भवत नाही. ती वापरायची ठरली, की तो प्रश्न उभा राहतो आणि उत्तर मागतो. अशा प्रश्नाचे एक साधे, कोणाला क्षुल्लकही वाटेल असे उदाहरण येथे विचारासाठी घेतले आहे. जुन्या मोटारसायकलला नवे टायर कोणते घालावेत, हे ते उदाहरण.

नांदेड-लातूरकडे बुलेटला घरातल्या कर्त्या माणसाचा मान आहे. दुरून येणारा तिचा आवाज ऐकून कोण आले हे ओळखण्याचे दिवस अनेकांच्या स्मरणात असतील. ही गाडी मूळची इंग्लंडची. १९५५ मध्ये मद्रासला तिच्या निर्मितीसाठी कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. इंग्लंडमधील मूळ कारखानदारी १९७०च्या सुमारास संपली, परंतु आपल्याकडे बुलेट निघतच राहिली. एमआरएफ या टायर कंपनीचा आरंभही याच तिरुवोत्तियूरमधला. १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे बनवणाऱ्या एका लहानशा शेडमधून ती वाढली. बुलेटखेरीज म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी होत्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. फरीदाबादची राजदूत होती. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आरएक्स हंड्रेड होती. यांपैकी कितीतरी गाड्या आज वाड्याच्या ढाळजेत, शेतावरच्या आखाड्यावर वा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. एखादा नातू हौसेने ती बाहेर काढतो, इंजिन उतरवून घेतो, टाकीला रंग देतो, निकेल चढवून घेतो आणि शेवटी टायरांपाशी येऊन थबकतो.

थबकण्याचे कारण असे. दहा-बारा वर्षे उभ्या असलेल्या त्या गाडीचे टायर वरकरणी चांगले दिसतात. नक्षी खोल आहे, आजोबांनी घेतलेल्या कंपनीचे नाव बाजूवर ठळक आहे. अशा वेळी तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्लागार म्हणतो, “हेच राहू दे; गाडी मूळ रूपात राहिली तरच तिची किंमत.” दुसरा म्हणतो, “जुने काढ, मागे चांगला रुंद टायर घाल. गाडी भरदार दिसेल, रस्ता धरून चालेल.” तिसरा म्हणतो, “गाडी चालणार ती किती? रिमोल्ड घाल किंवा कोणाचे उतरवलेले घाल, कशाला खर्च?” तिन्ही सल्लागार हितचिंतक आहेत. पहिल्याला वारसा प्रिय आहे, दुसऱ्याला प्रगती, तिसऱ्याला काटकसर. तिन्ही मूल्ये आपण मुलांना शिकवतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. तीन चांगल्या गोष्टींपैकी कोणती कोठे थांबवावी, हा नीतीचा प्रश्न होतो.

निर्णयापूर्वी वस्तूचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे. धावत्या दुचाकीचा जमिनीशी संबंध दोनच ठिकाणी येतो आणि त्या दोन्ही जागा मिळून फार तर दोन तळहातांएवढ्या असतात. गाडीचे वजन, स्वाराचे कौशल्य, ब्रेकची ताकद, मागे बसलेल्याचा विश्वास हे सारे तेवढ्या जागेवर तोललेले असते. टायरचे रबर गंधक, काजळी आणि इतर रसायने मिसळून तापवलेले असते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेल्या या क्रियेमुळेच मऊ चीक टिकाऊ होतो. तथापि टिकाऊ म्हणजे अविनाशी नव्हे. हवेतला प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी रबर हळूहळू कडक होत जाते. ओझोनपासून रक्षणासाठी त्यात मेणासारखे द्रव्य मिसळलेले असते. टायर फिरत राहिला, की ते पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत हे घडत नाही. त्यामुळे न वापरलेला टायर ताजा राहतो ही समजूत चुकीची ठरते. उलट तो झिजत नाही आणि म्हणून त्याचे म्हातारपण डोळ्यांना दिसत नाही. मे महिन्यात ज्या नांदेडला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, तेथे पत्र्याखालच्या शेडमध्ये हे म्हातारपण लवकरच येते.

टायरचे वय तो स्वतः सांगतो. सन २००० पासूनच्या टायरांवर बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असा आकडा असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील, तर तो विसाव्या शतकातला आहे, असे समजावे. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलावा, असे अनेक उत्पादक सांगतात.

आता पहिल्या सल्ल्याचा विचार करू. त्यातील भावना थोर आहे, परंतु ती ज्या गृहीतकावर उभी आहे ते तपासले पाहिजे. जे जसे दिसते तसे ते आहे, असे हे गृहीतक आहे. लातूर जिल्ह्याला या गृहीतकाची किंमत ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. त्या भागातली माळवदाची घरे दिसायला भक्कम होती. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचे जड छत. परंतु दगड मातीत रचलेले होते आणि भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि वरचे छत खाली आले. त्या घरांत राहणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. भिंतीच्या आत काय आहे हे सांगणारे त्यांच्यापाशी कोणी नव्हते. जाडी दिसत होती, जोड दिसत नव्हता. जुन्या टायरचेही असेच असते. नक्षी दिसते, रबर आणि आतले नायलॉनचे कापड यांच्यातला जोड दिसत नाही. फरक एवढाच, की त्याचे वय सांगणारे आकडे टायरवर लिहिलेले असतात. जे जाणता येत नव्हते त्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये; परंतु जे वाकून वाचता येते ते न वाचणे ही निष्ठा नव्हे, टाळाटाळ होय.

यावर वारशाचा कैवारी विचारील, “टायर बदलले, उद्या चाके बदलाल, परवा इंजिन. मग आजोबांची गाडी उरली कोठे?” हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. अथेन्सवासीयांनी थिसियसचे जहाज कुजलेल्या फळ्या बदलत बदलत जतन केले; ते जहाज तेच की वेगळे, यावर तत्त्वज्ञांत वाद होत असे, असे प्लुटार्कने नमूद केले आहे. आपल्याकडे मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, की रथ म्हणजे आस काय, चाके काय, की दांडी? यांतील कोणताही एक भाग रथ नाही आणि या सर्वांना सोडूनही रथ नाही. या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. प्रत्येक भागाचा ‘तेपणाशी’ सारखाच संबंध नसतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ रूपात असावे, अशी त्यात अट आहे. परंतु मूळ रूप बिघडले असे केव्हा म्हणायचे, तर सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात मोठा फेरफार झाला असता. टायरचा त्यात उल्लेख नाही. कायद्यालाही कळते, की काही भाग वस्तूची ओळख वाहतात आणि काही भाग वस्तूसाठी स्वतः झिजतात. झिजणे हेच ज्याचे काम, त्याला अमर करू पाहणे म्हणजे त्याचे काम त्याच्यापासून काढून घेणे होय.

नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात एक पोर्तुगीज घंटा आहे. १७३९च्या वसईच्या विजयानंतर ती तेथे आली. घंटा तीच आहे. तिच्या लोलकाला बांधलेला दोर मात्र काळाबरोबर बदलावाच लागतो. नांदेडला गुरुद्वाऱ्यापुढे उंच उभ्या असलेल्या निशाणसाहिबाचे वस्त्रही वेळोवेळी नवे चढवले जाते. दोर बदलल्याने घंटा बाटत नाही आणि वस्त्र बदलल्याने निशाण नवे होत नाही. उलट दोर कुजू दिला तर घंटा मुकी होते. अर्थात गाडी केवळ दिवाणखान्यात वा प्रदर्शनात ठेवायची असेल, तर जुनेच टायर राहू द्यावेत. तेथे त्यांचे काम स्मरण देणे हे आहे, भार वाहणे नव्हे. म्हणजे आधी हेतू ठरवला पाहिजे. हेतू न ठरवता निष्ठेची भाषा बोलणे फसवे असते.

दुसरा सल्ला दिसायला पहिल्याच्या उलट आहे, पण त्याच्या मुळाशीही दिसण्याचाच मोह आहे. बुलेट थ्री-फिफ्टीला पुढे आणि मागे ३.२५-१९ मापाचे टायर असत. जुन्या जावाला ३.२५-१६. आरएक्स हंड्रेडला पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. यातील पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. हे माप कोणाच्या लहरीने ठरलेले नाही. रिमची रुंदी, मडगार्डची जागा, साखळीचे अंतर, हँडलचा कल या सर्वांशी त्याचा मेळ घातलेला असतो. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला, तर त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि पाठीचा आकार बिघडतो. वळणावर गाडी अनपेक्षित वागते. तो साखळीच्या कव्हरला वा मडगार्डला घासू शकतो. घेर बदलला, तर वेगदर्शकाचा काटाही खरे बोलेनासा होतो. तारांच्या जुन्या रिममध्ये ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय बसवणे हे तर सर्वस्वी चूक आहे. त्या रिमला तारांची भोके असतात आणि हवा कमी झाल्यावर टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटाही नसतो. पुढे एका बांधणीचा आणि मागे दुसऱ्या बांधणीचा टायर, म्हणजे एक रेडियल आणि एक साधा, असेही करू नये. नवे ते चांगले हे सूत्र जुने ते सोने या सूत्राइतकेच आळशी आहे. कारण दोन्ही सूत्रे समोरच्या वस्तूकडे पाहण्याचे कष्ट वाचवतात. ज्यांनी ती गाडी आखली त्यांचे ऐकणे, यात नम्रता आहे. पूर्वजांविषयीचा आदर कोठे दाखवायचा असेल, तर तो मापात दाखवावा.

तिसऱ्या सल्ल्यात काटकसर आहे, आणि मराठवाड्यासारख्या अवर्षणाशी झगडणाऱ्या प्रदेशात काटकसरीची टिंगल कोणी करू नये. २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. तेथील माणसाला थेंबाचा हिशेब ठाऊक आहे. परंतु काटकसर म्हणजे स्वतःच्या गरजेतून कमी करणे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेतून कमी करणे याला तो शब्द लागू होत नाही. रिमोल्ड टायरला वरून नवे रबर असते, आतले कापड मात्र जुनेच राहते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता आता पूर्वीसारखा नाही. रस्ता सुधारला तसा वेग वाढला आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिच्यावर कडक झालेले रबर पकड सोडते. अशा वेळी पडणारा केवळ गाडीचा मालक नसतो. मागे बसलेली पत्नी, टाकीवर बसवलेले लेकरू, समोरून सायकलीवर येणारा शाळकरी मुलगा यांपैकी कोणीही त्या टायरची निवड केलेली नसते. त्यांना कोणी विचारलेलेही नसते. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरहून कमी नसावी, असे मोटार वाहन नियम सांगतात. ही कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे. आपल्या धोक्यात न विचारता ओढल्या जाणाऱ्या माणसाला आपण काय देणे लागतो, हे मात्र मिलिमीटरने मोजता येत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची जी अंगे सांगितली, त्यांत स्मृती आहे, दूरदृष्टी आहे, परिस्थितीचे भान आहे, सावधपणा आहे आणि शिकून घेण्याची तयारीही आहे. आपल्या उदाहरणात ही सारी अंगे कामाला लागतात. स्मृती सांगते, गाडी कोणाची होती. परिस्थितीचे भान सांगते, ती कोणत्या रस्त्यावर, कोणत्या उन्हात, किती भार घेऊन चालणार. शिकून घेण्याची तयारी माणसाला चौकातल्या पंक्चरवाल्यासमोर बसवते. कारण हजारो टायर उतरवलेल्या त्या हाताला जे कळते, ते शिक्षित मालकाला पुष्कळदा कळत नाही.

या विवेकाने निघणारा निर्णय थोडक्यात असा. माप मूळचेच घ्यावे. शक्य तर नक्षीही मूळच्या धाटणीची घ्यावी, म्हणजे पुढच्या चाकाला लांब रेघांची आणि मागच्याला ठोकळ्यांची. असे टायर आजही बनतात, त्यामुळे रूप आणि सुरक्षितता यांत भांडण लावण्याचे कारण उरत नाही. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर वाचावे. उदाहरणार्थ ५४ म्हणजे २१२ किलो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जावासारख्या कमी खपाच्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहण्याचा संभव अधिक, आणि न वापरलेला म्हणजे नवा नव्हे हे आपण पाहिलेच. ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी टायरबरोबरच बदलावी. बाजूवर बाण असेल, तर तो चाक फिरण्याच्या दिशेने ठेवावा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी सावकाश चालवावी, कारण नव्या रबराच्या पृष्ठभागावर गुळगुळीत थर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी.

उतरवलेल्या टायरचे काय करावे, हा या विषयातला शेवटचा आणि कदाचित सर्वांत कठीण प्रश्न आहे. नक्षी खोल असलेला तो टायर टाकून देणे जिवावर येते. आपला सालगडी किंवा गावातला एखादा गरजू तरुण दारात उभा असतो. “घेऊन जा, तुझ्या गाडीला होईल,” असे शब्द सहज ओठांवर येतात आणि दान केल्याचे समाधान मिळते. परंतु ज्या टायरवर आपल्या लेकराला बसवण्याची आपली हिंमत नाही, तो दुसऱ्याच्या लेकरासाठी देणे याला दान म्हणता येत नाही. आपला धोका आपण गरिबाच्या घरी पोचवलेला असतो, तोही त्याचे आभार घेऊन. द्यायचेच असेल, तर नव्या टायरच्या किमतीत हातभार लावावा. जुना टायर त्याच्या कडा कापून, पुन्हा वापरता येणार नाही असा करून पुनर्वापराच्या व्यवसायात द्यावा. २०२२ पासून टाकाऊ टायरांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवरही टाकली आहे. तो जाळू मात्र नये. त्याचा काळा धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांनीही आपल्याला परवानगी दिलेली नसते.

आणखी एका माणसाची आठवण ठेवावी. केरळमध्ये कोट्टायमच्या परिसरात पहाट होण्यापूर्वी रबराच्या झाडांना चिरा देणारे हात असतात. गारव्यात चीक चांगला वाहतो म्हणून त्यांची झोप मोडते. रबराच्या इतिहासात याहून फार काळी पाने आहेत. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यातील काँगोमध्ये रबरासाठी माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांचा अहवाल रॉजर केसमेंट यांनी १९०४ मध्ये जगापुढे ठेवला. ज्या पदार्थासाठी इतके कष्ट आणि एके काळी इतके दुःख वेचले गेले, तो पदार्थ निष्काळजीपणे निवडून, चुकीच्या हवेवर चालवून वेळेआधी संपवणे योग्य नव्हे. आणि त्याची वेळ संपल्यावरही त्याच्याकडून काम मागणे योग्य नव्हे.

वारसा जपणे म्हणजे काळ थांबवणे, असे आपण नकळत मानतो. वारशाने दोन गोष्टी येतात. एक मापाची असते: आकार, प्रमाण, रीत, ज्यांनी घडवले त्यांची समज. ती शक्य तितकी राखावी. दुसरी द्रव्याची असते: कापड, दोर, रबर. ते जुने होणारच, आणि ते वेळेवर बदलणे हाच त्या मापाचा मान आहे. घरातील चालीरीतींना, संस्थांच्या नियमांना, आपल्या बोलीभाषेलाही हा भेद लावून पाहता येईल. कोठे माप आहे आणि कोठे रबर, हे ओळखणे अवघड आहे. ते चुकले, तर आपण माप फेकतो आणि रबर पूजतो. आजोबांनी ती गाडी घेतली, तेव्हा तिचे टायर नवे होते, आणि तिच्यावर त्यांनी आपली माणसे सुखरूप घरी आणली. त्यांच्या गाडीशी एकनिष्ठ राहायचे असेल, तर या सुखरूप आणण्याशी राहावे.